एज ऑफ एम्पायर्स २ : पंचवीस वर्षे उलटली तरी हा खेळ सोडवत का नाही?

मेंढपाळ (धागाकर्ता) :

‘एज ऑफ एम्पायर्स २ : द एज ऑफ किंग्ज’ हा संगणकावरचा डावपेचांचा खेळ १९९९ च्या सप्टेंबरअखेरीस बाजारात आला आणि ‘द कॉन्करर्स’ हा त्याचा विस्तार पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये आला. ज्या एन्सेम्बल स्टुडिओजने तो घडवला, ती संस्था २००९ च्या जानेवारीत बंद झाली. याच मालिकेतला तिसरा भाग २००५ मध्ये आणि चौथा २०२१ मध्ये निघाला. दोन्ही मी मनापासून खेळून पाहिले, दोन्हींत शिकण्यासारखे पुष्कळ आहे, आणि तरीही मोकळा तासभर मिळाला की हात वळतो तो दुसऱ्या भागाकडेच. असे होणारा मी एकटा नाही, हे या मंचावर येणाऱ्यांना सांगायला नको. म्हणून या निष्ठेमागे नेमके काय आहे, यावर सविस्तर चर्चा व्हावी अशी इच्छा आहे.

सहसा मिळणारे उत्तर म्हणजे स्मरणरंजन. ते मला पुरेसे वाटत नाही. जुन्या आठवणी माणसाला एखादा खेळ पुन्हा एकदा उघडायला लावतील, मेंढ्यांचा आवाज ऐकून दोन क्षण बरेही वाटेल, पण आठवडाभरात ती ओढ ओसरते. शिवाय हा खेळ निघाला तेव्हा ज्यांचा जन्मही झाला नव्हता अशी मुले आज तो आपल्यापेक्षा चांगला खेळतात; त्यांच्याजवळ आठवणी कुठून असणार?

माझे उत्तर असे आहे की या खेळात हरल्याचे कारण सापडते, आणि ते जवळपास नेहमी आपल्याच हातून घडलेले असते. टाउन सेंटरमधून, म्हणजे वस्तीच्या मुख्य इमारतीतून, एक गावकरी तयार व्हायला खेळाच्या घड्याळाने २५ सेकंद आणि ५० अन्न लागते. काही संस्कृतींचे (म्हणजे खेळाडूने निवडायच्या पक्षांचे) अपवाद सोडले तर सुरुवातीला प्रत्येकाच्या हाती ३ गावकरी, १ स्काउट (टेहळणी करणारा), २०० अन्न, २०० लाकूड, १०० सोने आणि २०० दगड असतात. नकाशा दर वेळी नवा असला तरी नेहमीच्या नकाशांवर दोघांच्याही दारात सारख्याच मेंढ्या, सारखीच रानडुकरे आणि सारखीच बोरांची झुडपे असतात. म्हणजे पहिल्या क्षणी दोन्ही पारडी समान. पुढे ती जी झुकतात, ती कुणीतरी काहीतरी केल्यामुळे किंवा करायचे राहिल्यामुळेच झुकतात.

मागच्या महिन्यातला एक डाव सांगतो. ‘अरेबिया’ नकाशावर समोर फ्रँक्स ही संस्कृती होती. कॅसल एजमध्ये, म्हणजे खेळातल्या तिसऱ्या युगात, त्यांचे नाइट हे घोडेस्वार माझ्या लाकडाच्या जागेवर तुटून पडले, भालाईत उभे करीपर्यंत निम्मे गावकरी गेले आणि मी डाव सोडला. फ्रँक्सच्या घोडेस्वारांना जास्तीचे आयुष्य मिळते, त्यामुळे यापुढे माझे काही चालणारच नव्हते, अशी मी मनाची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग पाहिले. सहाव्या मिनिटाला मी घर बांधायला विसरून ‘हाउस्ड’ झालो होतो, म्हणजे घरांअभावी नवी माणसे तयार होणे थांबले होते, आणि टाउन सेंटर ४० सेकंद रिकामे बसले होते. नंतर दुसरे रानडुक्कर आणायला उशीर झाला, अन्न संपले आणि आणखी ३५ सेकंद गेले. एकूण ७५ सेकंद, म्हणजे बरोबर तीन गावकरी. प्रतिस्पर्धी कॅसल एजला माझ्या आधी सव्वा मिनिट पोहोचला होता. नाइट आले तेव्हा मी हरलो नव्हतो; मी सहाव्या मिनिटालाच हरायला लागलो होतो, ते मला अठराव्या मिनिटाला कळले एवढेच.

हे रेकॉर्डिंग म्हणजे चित्रफीत नसते, हे कदाचित सर्वांना ठाऊक नसेल. जाळ्यावर खेळताना प्रत्येकाचा संगणक संपूर्ण जग स्वतःच चालवतो आणि एकमेकांकडे जातात त्या फक्त खेळाडूंच्या आज्ञा : हा गावकरी तिकडे, हे घर इथे. पहिल्या भागाच्या वेळी २८.८ किलोबिटच्या संथ मोडेमवरही आठ जणांना मोठ्या सैन्यासह खेळता यावे म्हणून ही रचना केली गेली होती. तिच्यामुळे एक मोलाची गोष्ट आपसूक मिळाली. डावाची फाइल ही आज्ञांची वही असल्यामुळे तो डाव कोणत्याही खेळाडूच्या नजरेतून, कोणत्याही क्षणी, पूर्ण नकाशा उघडून पुन्हा पाहता येतो. आपल्या पराभवाचा इतका सच्चा हिशोब मला दुसऱ्या फारशा खेळांत मिळालेला नाही, आणि माझ्यापुरते निष्ठेचे मूळ तिथे आहे.

आपले कारण काय? वेगळे असल्यास अवश्य मांडावे.

जुनी_तटबंदी :

लेखन आवडले, पण निष्कर्ष पटला नाही. आपण सवयीला फार उदात्त नाव देत आहात असे मला वाटते. पंधरा वर्षे जे बोटांत बसले आहे ते सोडून नव्याने शिकण्याचा कंटाळा हेही निष्ठेचे एक कारण असू शकते, आणि ते मान्य करण्यात कमीपणा नाही.

दुसरे असे की ज्याला आपण ‘आपल्या हातून घडलेले’ म्हणता, त्याचा मोठा भाग पाठांतर आहे. कितव्या गावकऱ्याला कोणत्या कामाला लावायचे, किती लोकसंख्येवर फ्यूडल एजची (दुसऱ्या युगाची) कळ दाबायची, हे लोक तोंडपाठ करून येतात आणि ज्याने पाठ केलेले नाही तो विचार करायला लागण्याआधीच मागे पडतो. कालच मी असा हरलो. बाराव्या मिनिटाच्या आत समोरच्याचे तिरंदाज माझ्या लाकूडतोड्यांवर येऊन उभे राहिले. यात माझ्या विचारशक्तीचा पराभव झाला असे मला मुळीच वाटले नाही.

बिनसोन्याचा_भालाईत :

पाठांतराचा आक्षेप पहिल्या दहा-बारा मिनिटांना लागू पडतो, हे मला मान्य आहे. परंतु ज्या गोष्टीसाठी मी हा खेळ सोडू शकत नाही, ती चाळिसाव्या मिनिटानंतर सुरू होते आणि तिथे पाठ केलेले काहीही कामाला येत नाही. ती गोष्ट म्हणजे सोन्याचा अंत.

झाडे तोडावी तितकी पुरतात, शेते पुन्हा पेरता येतात, पण खाणीतले सोने एकदा संपले की संपले. नाइटला ६० अन्न आणि ७५ सोने लागते, तिरंदाजाला २५ लाकूड आणि ४५ सोने लागते. याउलट भालाईत ३५ अन्न आणि २५ लाकडात तयार होतो, आणि भाला फेकणारा स्कर्मिशर २५ अन्न आणि ३५ लाकडात. ज्यांना खेळाडू ‘ट्रॅश’ म्हणतात ते हे बिनसोन्याचे सैन्य. भालाईत घोड्यांना भारी पडतो, स्कर्मिशर तिरंदाजांना भारी पडतो, आणि हलके घोडदळ स्कर्मिशरना चिरडून टाकते. त्यामुळे दोघांचेही सोने आटले की साऱ्या युद्धाचे स्वरूपच पालटते. सुरुवातीला दुय्यम वाटणारी माणसे अचानक मुख्य होतात, आणि मघापर्यंत ज्याचे पारडे जड होते त्याच्या मागच्या उधळपट्टीचा जाब विचारला जातो.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे टर्क्स. त्यांचे गावकरी सोने भराभर खणतात, त्यांच्या तोफा आणि बंदुका जबरदस्त आहेत, पण त्यांच्या भालाइताला पाइकमन होता येत नाही आणि स्कर्मिशरलाही वरचा दर्जा मिळत नाही. सोने आहे तोवर ते राजे असतात. समोर बायझंटाइन असतील, ज्यांना भालाईत, स्कर्मिशर आणि उंट २५ टक्के स्वस्तात मिळतात, तर त्यांना फक्त तग धरायचा असतो. दोघांसमोर एकच घड्याळ असते, पण एकाला ते हळू चालावे असे वाटते आणि दुसऱ्याला भरभर. अशा वेळी मठात ठेवलेल्या अवशेषांतून येणारे थोडे थोडे सोने अमूल्य ठरते. बाजारात लाकूड विकून सोने घ्यावे तर प्रत्येक विक्रीगणिक भाव पडत जातो, म्हणून केव्हा विकायचे हाही निर्णयच असतो.

मी एकदा एक तास चाळीस मिनिटे चाललेला डाव शेवटच्या २०० सोन्यावर जिंकलो. त्या सोन्यातून मी एक ट्रेबुशे, म्हणजे लांबून दगड फेकणारे यंत्र, उभारला, कारण किल्ला पाडण्याचा दुसरा मार्ग उरलाच नव्हता. तो ट्रेबुशे जपण्यासाठी चाळीस भालाईत खर्ची घातले. ट्रेबुशेला लागणाऱ्या २०० सोन्यातले एक नाणे जरी आधी वाया घालवले असते, तरी निकाल उलटा लागला असता. असा डाव पाठ करून येता येत नाही.

मोहीमवाला :

वरील सर्व चर्चा ऑनलाइन खेळणाऱ्यांची आहे. मी या खेळाशी तितकाच जोडलेला आहे आणि अनोळखी माणसाशी एकही डाव खेळलेलो नाही; तेव्हा आमचीही बाजू नोंदवतो.

आमच्यासाठी हा खेळ म्हणजे मोहिमा, म्हणजे एकट्याने खेळायच्या ऐतिहासिक कथामालिका. जोन ऑफ आर्क, सलादीन, चंगीझ खान, बार्बारोसा. त्यांची ताकद लढायांइतकीच निवेदनात आहे, कारण ही कथा विजेत्याच्या तोंडून क्वचितच येते. बार्बारोसाची कहाणी एक म्हातारा सांगत असतो आणि तो म्हणजे ज्याने बादशहाशी दगा केला तो हेन्री द लायन होता, हे शेवटी उलगडते. हा बादशहा ११९० मध्ये तिसऱ्या क्रुसेडच्या वाटेवर नदीत बुडून मरण पावला. मोहिमेतल्या शेवटच्या डावात त्याचे शव पिंपात घालून जेरुसलेमला पोहोचवायचे असते. मुख्य पात्र मेलेले असताना त्याच्या सैन्याने चालत राहायचे, ही कल्पना एका खेळात कुणीतरी १९९९ मध्ये मांडली. मी ती वीस वर्षांत निदान सहा वेळा खेळलो आहे, आणि प्रत्येक वेळी ते पिंप वेशीतून आत जाताना मी गप्प होतो.

शिवाय सिनारिओ एडिटर आहे. ज्या साधनांनी मूळ डाव रचले गेले, त्यांतली बहुतेक खेळाडूच्या हाती दिलेली आहेत. लोकांनी त्यातून हल्ले परतवण्याचे, चक्रव्यूहातून वाट काढण्याचे, एकही इमारत न बांधता एकाच नायकाला घेऊन फिरण्याचे असे अगणित डाव रचले. माझ्या दृष्टीने निष्ठेचे कारण पराभवाच्या हिशोबात नाही. एका जगाची किल्ली आपल्या हाती आहे या भावनेत ते आहे.

शांत_तिरंदाज :

एक छोटी भर. जुळलेल्या चमूतल्या चौघांची एकही भाषा समान नसली तरी डाव सुरळीत चालतो, हे मी अनेकदा अनुभवले आहे. ३ लिहिले की सोबत्याला अन्न हवे आहे, ४ म्हणजे लाकूड, ५ म्हणजे सोने, ६ म्हणजे दगड, आणि ११ म्हणजे ते प्रसिद्ध हसू. आकडा टाकला की त्याचा आवाज सर्वांना ऐकू जातो. गंमत म्हणजे खेळातली माणसेही आपापल्या भाषेत बोलतात. मंगोलांचा गावकरी मंगोल भाषेत हुंकार देतो. ज्याचे बोलणे मला कळत नाही अशा कुणाला तरी मी अडचणीत २०० लाकूड पाठवते आणि पुढच्या लढाईत तो माझ्या दाराशी घोडदळ घेऊन उभा राहतो. या ओळखीला नाव नाही, पण ती खोटीही नाही.

कुलूप_किल्ली :

खेळ चांगला आहे एवढ्याने तो टिकत नाही, तो कुणीतरी टिकवावा लागतो. इतक्या चर्चेत या माणसांचा उल्लेख आला नाही, म्हणून लिहितो.

२००० ते २०१३ या काळात या खेळाला अधिकृत म्हणावा असा वाली जवळपास नव्हता. मायक्रोसॉफ्टची जुनी गेमिंग झोन बंद झाल्यावर खेळाडूंनी एकमेकांना भेटायचे कुठे, हाच प्रश्न होता. तेव्हा वूब्लीसारखी ठिकाणे उभी राहिली, तिथे क्रमवारी लागू लागली, स्पर्धा होऊ लागल्या. नव्या रुंद पडद्यांवर जुना खेळ नीट दिसेना, तेव्हा हौशी प्रोग्रामरांनी ‘युजरपॅच’ तयार करून तो दिसता केला आणि मूळ खेळातले कित्येक दोषही काढले. या कामाचा मोबदला नव्हता, आणि ते करणाऱ्यांपैकी बहुतेकांची नावे खेळाडूंना आजही माहीत नाहीत.

यातली सर्वात बोलकी गोष्ट ‘फरगॉटन एम्पायर्स’ची आहे. चाहत्यांनी स्वतःच्या हौसेने नव्या संस्कृती जोडून एक मोड, म्हणजे खेळाची बदललेली अनधिकृत आवृत्ती, तयार केला. एप्रिल २०१३ मध्ये एचडी आवृत्ती आली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तो मोड ‘द फरगॉटन’ या नावाने अधिकृत विस्तार म्हणून प्रसिद्ध झाला. म्हणजे तेरा वर्षांनी आलेला पहिला विस्तार हा खेळाडूंनी केलेला होता. त्याच मंडळींचा पुढच्या विस्तारांत आणि १४ नोव्हेंबर २०१९ रोजी आलेल्या डेफिनिटिव्ह एडिशन या नव्या आवृत्तीमध्येही मोठा हात आहे. २०२२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या खऱ्याखुऱ्या किल्ल्यात या खेळाच्या एका मोठ्या स्पर्धेचे अंतिम सामने झाले, ते या पायावरच. ज्या काळात काहीच नव्हते तेव्हा ज्यांनी दिवा विझू दिला नाही, त्यांच्यामुळे आज धागाकर्त्यांना रेकॉर्डिंग पाहता येते.

लाकूडतोड्या :

माझे प्रेम कमी नाही, पण या टिकवण्याची एक बाजू मला खटकते. मूळ खेळात १३ संस्कृती होत्या, कॉन्करर्सनंतर १८ झाल्या. २०१९ मध्ये ३५ झाल्या, २०२२ मध्ये ४२, आणि त्यानंतरही भर पडतच आहे. २०१३ मध्ये आलेल्या एकाच ढोबळ ‘इंडियन्स’ संस्कृतीच्या जागी २०२२ मध्ये हिंदुस्तानी, बंगाली, द्रविड आणि गुर्जर अशा चार आल्या, हा बदल न्याय्यच होता. प्रत्येकीचे हत्ती, उंट आणि रथ यांचे वेगळेपण अभ्यासपूर्वक केलेले आहे. पण पूर्वी समोरच्याचे नाव वाचताच पुढे काय येणार याचा अंदाज बांधता येत असे, आता मला अर्धा मिनिट तक्ता वाचावा लागतो. धागाकर्ते ज्याला ‘कारण सापडणे’ म्हणतात, ते अशाने अवघड होत जाणार नाही का?

मेंढपाळ (धागाकर्ता) :

लाकूडतोड्या, ही चिंता मलाही आहे. तरी अजून घडी मोडलेली नाही, आणि त्याचे श्रेय मूळ रचनेला द्यावे लागते. सर्व संस्कृतींचा तंत्रज्ञानवृक्ष, म्हणजे काय काय बांधता आणि सुधारता येते त्याचा आराखडा, एकच आहे. प्रत्येकीच्या वृक्षातल्या काही फांद्या छाटलेल्या असतात आणि दोन-चार खास गोष्टी जोडलेल्या असतात. हूणांना घरे लागत नाहीत, गॉथ पायदळ लोंढ्यासारखे काढतात पण त्यांना दगडी तट बांधता येत नाही, अॅझ्टेकांकडे घोडाच नाही. म्हणून एक संस्कृती नीट शिकलो की उरलेल्यांचा बराचसा भाग आपोआप कळतो. ज्या खेळांत प्रत्येक पक्ष मुळापासून वेगळा असतो, तिथे चाळीस पक्ष म्हणजे चाळीस खेळ झाले असते. मर्यादा कुठेतरी असणारच, आणि ती जवळ आली आहे असे मलाही वाटते.

मोहीमवाले, आपले म्हणणे वाचून मी बार्बारोसाची शेवटची मोहीम काल पुन्हा खेळलो. माझे उत्तर अपुरे होते हे मान्य करतो.

जुनी_तटबंदी यांच्या पाठांतराबद्दल एवढेच म्हणेन की पाठ केलेला क्रम पहिल्या रानडुकरापाशीच मोडतो. त्याला बाण मारून टाउन सेंटरखाली आणायचे, त्यात ३४० अन्न असते, पण गावकऱ्याचे आयुष्य अवघे २५. डुक्कर नेमके जंगलापलीकडे निघाले, किंवा समोरच्याचा स्काउट मध्येच आडवा आला, की पुस्तकातला क्रम बाजूला ठेवून मनाने ठरवावे लागते. पाठांतर म्हणजे गायकाने घोटलेले पलटे समजा. ते येत नसतील तर मैफल होणार नाही, पण मैफल म्हणजे पलटे नव्हेत. आपल्या कालच्या डावाचे रेकॉर्डिंग आपण पाहिले आहे का?

सहाव्या_पटावरचा_नायक :

मी या खेळाचा नाही, ‘हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३’चा आहे, पण तोही १९९९ चाच आणि चाल एकेक करून चालायची असली तरी आजार तोच. तिथेही मूळ कंपनी गेली, तिथेही चाहत्यांनी ‘हॉर्न ऑफ द अॅबिस’ हा विस्तार करून नवी नगरे जोडली आणि तो आजही वाढतो आहे. दोन्ही खेळांत एक साम्य मला जाणवते : पडद्यावरचे प्रत्येक चित्र ओळखू येते. शंभर माणसांच्या गर्दीतही भालाईत कोणता आणि तिरंदाज कोणता हे आकृतीवरून कळते, कारण चित्रकारांनी सौंदर्याइतकाच ओळखीचा विचार केला होता. पुढच्या पिढीतल्या अनेक त्रिमितीय खेळांत प्रकाश सुंदर पडतो आणि सैनिक ओळखू येत नाहीत. जे दिसत नाही त्याच्याविषयी डावपेच आखता येत नाहीत.

संथ_बोटे :

मी वयाने येथील बहुतेकांहून मोठी असावे. बोटे पूर्वीसारखी चालत नाहीत, तरी खेळते, आणि त्यात डेफिनिटिव्ह एडिशनचा मोठा वाटा आहे. अगदी मूळ खेळात प्रत्येक शेत ओसाड पडले की स्वतः पेरावे लागे. कॉन्करर्समध्ये गिरणीवर आगाऊ पेरण्या नोंदवून ठेवता येऊ लागल्या. आता शेते आपोआप पेरली जातात आणि स्काउटही सांगितल्यास स्वतःच नकाशा हिंडतो. यामुळे कौशल्य स्वस्त झाले अशी तक्रार मी पुष्कळदा वाचली आहे. मला ती पटत नाही, कारण तीस शेतांवर लक्ष ठेवणे हे कष्टाचे काम होते, डावपेचाचे नव्हे. टेकडीवर उभे राहायचे की नाही, हा डावपेच आहे. वरून मारणाऱ्याचा घाव २५ टक्क्यांनी अधिक बसतो आणि खालून मारणाऱ्याचा तेवढाच कमी. तो निर्णय घ्यायला मला बोटे लागत नाहीत.

संगणकाविरुद्ध खेळतानाही फरक जाणवतो. आताचा संगणक लपून जास्तीचे सोने न घेता, आपल्याइतक्याच साधनांवर खेळतो. त्याच्याकडून हरले तर मी त्याचा डाव बघून शिकू शकते. धागाकर्त्यांच्या मुद्द्याला यातून पुष्टी मिळते.

जुनी_तटबंदी :

धागाकर्त्यांनी विचारले म्हणून त्या डावाचे रेकॉर्डिंग आज उघडले. मधे नवा पॅच आला असता तर ते चाललेही नसते, कारण नियम बदलले की जुन्या आज्ञा जुळत नाहीत; सुदैवाने चालले.

फ्यूडल एजला पोहोचेपर्यंत माझे टाउन सेंटर एकूण १२५ सेकंद रिकामे होते. आपल्या हिशोबाने पाच गावकरी. लाकडाच्या जागेभोवती घातलेल्या कुंपणात दोन झाडांच्या मधे एका चौकटीची फट राहिली होती आणि तिरंदाज तिथूनच आत आले. हे दोन्ही मला डावात दिसले नव्हते.

सवयीबद्दलचे माझे मत मी मागे घेत नाही, ती असतेच. पण नंतर मी तोच डाव प्रतिस्पर्ध्याच्या बाजूने पाहिला. त्याचा एक गावकरी रानडुकराने मारला होता, त्याचे टाउन सेंटरही ५० सेकंद रिकामे बसले होते, आणि तो तिरंदाज घेऊन आला तेव्हा त्याच्या घरी एकही सैनिक नव्हता. माझा स्काउट त्या वेळी त्याच्या सोन्याच्या खाणीजवळच उभा होता आणि मी त्याच्याकडे एकदाही पाहिले नव्हते. आज रात्री पुन्हा अरेबियावर खेळणार आहे, आणि या वेळी फट आधी बुजवणार आहे.